दिवाळीनंतर वहाळाच्या पाण्याचा हिशेब कसा लावायचा, वाळवंटातले लोक लावतात तसा

कोकणात पाण्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग हिशेब ठेवायचा कशाला, आणि तोच माणूस एप्रिलमध्ये टँकरसाठी ग्रामपंचायतीच्या दारात उभा असतो. तिकडे राजस्थानात जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, पण कालव्यावरच्या शेतकऱ्याला आपलं पाणी कुठल्या वारी किती वाजता सुरू होणार आणि कधी बंद होणार हे तोंडपाठ असतं. म्हणून म्हटलं की वाळवंटातून जाणारी नदी लोक कशी कशी वापरतात ते बघून आपल्या वाडीच्या वहाळाला, म्हणजे ओढ्याला, त्यातलं काय लावता येतं ते एकदा नीट लिहून काढावं. सगळं तिकडचं शहाणपणाचं आहे असं अजिबात नाही, काही प्रकार तर बघून कपाळाला हात लावावा असे आहेत, पण त्यातूनही शिकता येतं.

आधी मोजा. हे केल्याशिवाय पुढचं काहीच वाचू नका, कारण न मोजता वाटप करायला बसलात की सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी.

मोजायचं सोपं आहे. वहाळावर गोणींचा बंधारा घातला की त्याला तळाशी एक पाईप टाकलेला असतो, सगळं पाणी त्यातून सोडा आणि खाली २० लिटरची बादली धरा, मोबाईलवर सेकंद लावा. बादली ५ सेकंदांत भरली तर सेकंदाला ४ लिटर, म्हणजे तासाला १४,४०० लिटर आणि दिवसाला साडेतीन लाखाच्या जरा आत. प्रवाह मोठा असेल आणि पाईपमध्ये मावत नसेल तर वहाळाचा सरळ दहा मीटरचा तुकडा शोधा, पाण्यावर पान सोडा, किती सेकंदांत दहा मीटर जातं बघा. समजा ५० सेकंद, पाणी अर्धा मीटर रुंद आणि वीतभरापेक्षा कमी, १० सेंटिमीटर खोल. वेग ०.२ गुणिले ०.५ गुणिले ०.१, आणि तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश जातं म्हणून ०.८ ने गुणा. येतं सेकंदाला ८ लिटर. अगदी बरोब्बर नाही पण सभेत सांगण्याइतकं बरोबर. हे दिवाळीनंतर एकदा मोजा आणि मग दर महिन्याला त्याच जागी मोजत रहा, जागा बदलू नका. शिमग्याचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, का ते खाली येतंच.

आता दुसरं काम, आणि खरं तर हेच मुख्य. वाडीत पाणी कशाकशाला लागतं याची यादी सगळेच करतात, भात, माड, भाजी, गुरं, घर. पण प्रत्येकासमोर अजून एक रकाना करा: वापरल्यावर ते पाणी जातं कुठे? परत वहाळात किंवा कुणाच्या विहिरीत येतं, की हवेत जातं, की समुद्रात?

हा रकाना मला लास वेगासवरून सुचला. अमेरिकेतलं नेवाडाच्या वाळवंटातलं शहर, वर्षाला पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, आसपासची वस्ती धरून वीस लाखांच्या वर माणसं, आणि पाणी जवळपास सगळं कोलोराडो नदीचं, हूवर धरणामागच्या मीड तलावातून. नेवाडा राज्याचा वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर पाणी), आपल्या भाषेत साधारण १३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), एवढाच. आपल्याला वाटतं तिथले कॅसिनो, कारंजी, हॉटेलांच्या हजारो खोल्यांमधले शॉवर, हेच पाणी खात असणार. पण घराच्या आत वापरलेलं पाणी गटारातून शुद्धीकरणाला जातं आणि तिथून ओढ्याने परत त्याच तलावात, आणि जेवढं परत केलं तेवढं त्यांना पुन्हा उचलता येतं. म्हणजे शॉवर कितीही घ्या, हिशेबात फारसं धरत नाहीत. पाणी जातं ते बाहेरच्या हिरवळीला, कारण ते सरळ हवेत उडतं, परत काहीच नाही. म्हणून तिथे लोकांना हिरवळ उपटायचे पैसे दिले जातात, आणि २०२१ साली कायदाच केला की रस्त्याकडेची, ऑफिसांपुढची, ज्यावर कुणी चालतही नाही अशी शोभेची हिरवळ २०२७ पासून कोलोराडोच्या पाण्यावर ठेवायची नाही.

त्याच नदीच्या खालच्या अंगाला कॅलिफोर्नियात इंपिरियल व्हॅली. तेही वाळवंटच, आणि तिथल्या एका सिंचन संस्थेचा हक्क ३१ लाख एकर-फूट, म्हणजे १३५ टीएमसीच्या घरात, आपलं कोयना धरण काठोकाठ भरलं तरी १०५ टीएमसी. अख्ख्या नेवाडा राज्याच्या दहापट पाणी एका खोऱ्याच्या शेतीला. त्यात हिवाळ्यात देशभर जाणारी भाजी पिकते हे खरं, पण मोठा भाग जनावरांच्या चाऱ्याला जातो, अल्फाल्फा म्हणजे आपलं लसूणघास, भर उन्हाळ्यात पाट सोडून. त्यातला काही चारा जहाजाने परदेशी जातो. वाळवंटातली नदी गवतात भरून समुद्रापार पाठवणं म्हणा हवं तर. शेतकऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे, त्यांचे हक्क शंभर वर्षांपूर्वीचे आहेत आणि कायद्याने पक्के आहेत, तरी एका बाजूला दाराशी हिरवळीचा तुकडा ठेवू नका सांगायचं आणि दुसऱ्या बाजूला मैलोन्‌मैल लसूणघास, हे डोळ्यात येतंच.

हाच रकाना आपल्या वाडीत भरला की मजा येते. वायंगणी भाताचं, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर घेतात त्या भाताचं बघा. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, त्यामुळे एक मिलिमीटर पाणी म्हणजे गुंठ्याला १०० लिटर, हे लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भाताच्या चोंढ्यातून रोज ५ मिलिमीटर तरी हवेत जातं असं धरलं तर गुंठ्याला ५०० लिटर, आणि जमिनीत मुरतं ते वेगळं, म्हणजे रोजचे हजार लिटर धरून चला. उलट माडाला ठिबकवर रोज ३० ते ४० लिटर. शंभर माडांची बाग, साडेसात मीटरवर लावलेली, म्हणजे पन्नासच्या वर गुंठे जागा, तिला रोज ४,००० लिटर. चार गुंठे वायंगणाएवढं! याचा अर्थ वायंगण करू नये असा नाही हं, कुणी तसं वाचू नका, घरचा तांदूळ आणि गुरांना पेंढा दोन्ही त्यातून येतं आणि मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं, ते त्या रकान्यात लिहायचंच. पण किती गुंठे करायचं ते पाण्यावर ठरवा.

आणि इथे शिमग्याचा आकडा. नोव्हेंबरात सेकंदाला ४ लिटर बघून सगळे जोशात रोप टाकतात. तोच वहाळ होळीच्या सुमाराला सेकंदाला १ लिटरवर येऊ शकतो, म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर, म्हणजे हजार लिटरच्या हिशेबाने ८६ गुंठे, तेही माड, भाजी, गुरं कशालाच एक थेंब न देता. मग लावणी ठरवताना गेल्या शिमग्याला मोजलेला आकडा घ्या, त्यातून आधी घरं, गुरं आणि बागा वजा करा, उरेल तेवढ्यात भात. भाताऐवजी कुळीथ, चवळी, मूग निघाले तर निम्मी भांडणं लावणीच्या आधीच मिटली, कुळथाला तर ओलीवरच भागतं. पहिल्या वर्षी शिमग्याचा आकडा हातात नसेल तर नोव्हेंबरच्या आकड्याचा चौथा हिस्सा धरा, कमी धरलेलं बरं.

आता वाटप. यासाठी राजस्थानच्या कालव्यांकडे जाऊ. इंदिरा गांधी कालवा, पंजाबात सतलज आणि बियास मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यावरून निघतो आणि थारमध्ये जातो, फीडर धरून ६४९ किलोमीटर, काम १९५८ ला सुरू झालं. त्या भागात पाणी वाटायची पद्धत म्हणजे वाराबंदी, पंजाब-हरियाणातही हीच. आठवड्याचे १६८ तास, एका मोघ्यावर (कालव्यातून पाणी निघतं ते तोंड) जेवढी जमीन आहे त्या प्रमाणात तास वाटायचे, प्रत्येकाचा वार आणि वेळ ठरलेली, त्या वेळात सगळं पाणी एकट्याचं. लिटर मोजत बसायचं नाही, तास मोजायचे. प्रवाह कमी झाला तर सगळ्यांचाच कमी होतो, त्यामुळे कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

आपल्याकडे असं करा. पाटाखालची जमीन सगळी मिळून समजा ८४ गुंठे. १६८ भागिले ८४, गुंठ्याला आठवड्याला दोन तास. तुमचे ७ गुंठे असतील तर १४ तास, दोन पाळ्यांत घ्या नाहीतर एकाच. त्यांच्याकडे दोन बारीक गोष्टी आहेत त्या मला फार आवडल्या. एक, पाट कोरडा असताना ज्याची पहिली पाळी त्याचा वेळ पाट भरण्यातच जातो, तर तो वेळ त्याला वर धरून देतात, भराई म्हणतात. आणि वरून पाणी बंद केल्यावर पाटात उरलेलं सगळं शेवटच्या माणसाला मिळतं, तो वेळ त्याच्याकडून कापतात, झराई. आपल्याकडे पाटाच्या शेवटाला असलेला माणूस जन्मभर कुरकुरत असतो आणि वरचा म्हणतो तुला तर फुकटचं पाणी मिळतं, हे दोन्ही तिकडे लिहून ठेवलेलं आहे. दुसरी गोष्ट, दर वर्षी सगळं वेळापत्रक १२ तासांनी पुढे सरकवतात, म्हणजे ज्याची पाळी रात्री त्याची पुढच्या वर्षी दिवसा. रात्री पाटावर बॅटरी घेऊन, साप-विंचवात, तेच ते म्हातारे काका कायम जाणार असं नको.

रात्रीच्या पाळीवर अजून एक उपाय तिकडचाच, डिग्गी. शेताच्या डोक्यावर छोटं तळं, कालव्याचं पाणी पाळी येईल तेव्हा त्यात घ्यायचं आणि स्वतःच्या सोयीने वापरायचं. आपण शेततळं म्हणतो तेच, फक्त पाळीचं पाणी साठवायला. सेकंदाला १ लिटर असेल तर रात्रीचे बारा तास म्हणजे ४३,२०० लिटर, ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सव्वा मीटरला जरा कमी खोल खड्डा पुरतो. जांभ्यात खणणार असाल तर प्लास्टिकचा कागद लागेलच, नाहीतर सकाळी तळं रिकामं. आणि कुंपण घाला, पोरं आणि वासरं दोन्ही जातात.

पंपवाल्यांचं काय, हा प्रश्न सभेत येणारच. कोंडीत, म्हणजे वहाळातल्या खोल पाण्यात, थेट पंप टाकणारा माणूस पाळी मोडत नाही असं त्याचं म्हणणं असतं, मी पाटाला हात लावला नाही, भाऊ. पण पाणी एकच. त्याचा पंप बादलीने मोजा, तेवढे लिटर पाटाच्या तासाच्या प्रवाहाने भागा, जे तास येतील ते त्याच्या खात्यात. आंब्याच्या फवारणीला ड्रम भरणारे पण यात धरा, त्यांचं पाणी थोडं असतं ते सोडून द्या हवं तर, पण फवारणीचा पंप आणि ड्रम वहाळात धुवायचा नाही ही अट मात्र लिहून घ्या आणि तिला सूट नाही.

राजस्थानातच दुसरा कालवा आहे, नर्मदेचा. गुजरातमधून २००८ साली जालोर जिल्ह्यात पाणी आलं, नर्मदेतला राजस्थानचा वाटा ५ लाख एकर-फूट म्हणजे २२ टीएमसीच्या जरा आत. इंदिरा गांधी कालव्याच्या वरच्या टप्प्यात काय झालं (ते खाली येतंच) ते बघून इथे नियम केला की तुषार सिंचनच करायचं, मोकळं पाणी सोडायचं नाही. एका गटाची एक डिग्गी, एक पंप, शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था. एकाच राज्यात, दोन्हीकडे बाहेरून आणलेली नदी, आणि वापर इतका वेगळा. आणि बाजूला कोकणातलं ठेवून बघा: कोयनेचं पाणी वीज केल्यावर वाशिष्ठीतून चिपळूणच्या बाजूने समुद्राला जातं, पश्चिमेकडे वळवायची मर्यादा ६७.५ टीएमसी, म्हणजे राजस्थानच्या नर्मदेच्या वाट्याच्या तिप्पट. असो, तो विषय काढला की हा लेख संपणार नाही.

इंदिरा गांधी कालव्यावर झालं काय, तर हनुमानगड-सुरतगड भागात लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी बघितलं आणि शेतं तुडुंब भरली. तिथे बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली जिप्समचा टणक थर आहे, पाणी खाली जाईना, वर वर साचत गेलं, मीठ वर आलं, आणि वाळवंटात चिबड जमीन झाली, चांगली शेतं पाण्याखाली गेली. वाळवंटात पाणथळ! यावरून कुणीही म्हणेल की पाट पक्का करा, सिमेंट करा, गळती बंद करा, आणि आपल्याकडे ठेकेदार पण तेच सांगतात.

थांबा जरा. त्याच कोलोराडोवरून इंपिरियल व्हॅलीला जाणारा ऑल-अमेरिकन कालवा मेक्सिकोच्या सीमेलगत वाळूतून जातो. मातीचा होता, भरपूर झिरपायचा. अमेरिकेने त्याचा तुकडा सिमेंटचा केला, वाचलेलं पाणी सॅन डिएगोकडे गेलं, आणि सीमेपलीकडे मेक्सिकालीच्या शेतकऱ्यांच्या विहिरी त्याच झिरप्यावर होत्या त्यांचं पाणी तुटलं. एकाची गळती दुसऱ्याची विहीर.

आपला जांभा सुरतगडसारखा नाही, तो पाणी धरत नाही, खाली सोडतो, म्हणून आपण मेक्सिकालीच्या बाजूला. म्हणून पाट सिमेंटचा करायच्या आधी पाटाखालच्या उतारावर कुणाच्या विहिरी आहेत त्याची यादी करा. पाट चालू असताना आणि चार दिवस बंद ठेवून, दोन्ही वेळा दोरीला दगड बांधून विहिरीच्या पाण्याची पातळी घ्या. पाट बंद केल्यावर पातळी पटापट उतरली तर ती विहीर पाटावर जगते, तिथला तुकडा मातीचाच ठेवा. जिथे पाटाखाली नुसता कातळ आणि सडा आहे, विहीर नाही, झाड नाही, तिथे पाईप टाका बिनधास्त. सरसकट सिमेंट हा सगळ्यात वाईट पर्याय आणि सगळ्यात लवकर मंजूर होणारा.

खाडीकाठच्या वाड्यांना एक जास्तीचं काम आहे. कोलोराडो गेल्या कित्येक दशकांत बहुतेक वर्षं समुद्रापर्यंत पोचतच नाही, वरच सगळी वाटून संपते, तिचा त्रिभुज प्रदेश वाळून गेला. २०१४ च्या मार्चमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेने ठरवून मुद्दाम पाणी सोडलं तेव्हा मे महिन्यात ती थोडी तरी समुद्राला टेकली. आपल्या वहाळाचं शेवटचं पाणी खाडीला फुकट जातं असं वाटतं, पण गोड्या पाण्याचा तो रेटा कमी झाला की काठच्या विहिरी मचूळ होतात, एप्रिल-मेमध्ये चहाची चव सांगतेच. म्हणून शेवटच्या बंधाऱ्याला तळाचा एक पाईप कायम उघडा ठेवा, कितीही ओरड झाली तरी. आणि एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर घ्या, वाडीत एक पुरतो, काठच्या विहिरी दर पंधरा दिवसांनी तपासा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात असं भारतीय मानक आहे. आकडा चढायला लागला की वरच्या पाळ्या कमी करून पाईप जास्त उघडा, विहीर एकदा खारी झाली की पावसाशिवाय काही चालत नाही.

बंधाऱ्याबद्दल थोडक्यात, कारण बहुतेकांना येतो. काठ जवळ आलेले आणि तळ घट्ट असेल ती जागा, सिमेंटच्या रिकाम्या गोणी पाऊण भरायच्या (तुडुंब भरल्या तर एकमेकींत बसत नाहीत), विटांसारखा सांधा मोडून थर लावायचे, वरच्या अंगाला प्लास्टिक आणि चिकण माती, मधला भाग काठांपेक्षा खाली म्हणजे जादा पाणी मधूनच जाईल आणि काठ कापणार नाहीत. गोणीत भरायची माती वहाळाच्या काठाची घेऊ नका. ग्रामपंचायतीला आधी सांगा, नाला सार्वजनिक असतो.

वेळापत्रक कागदावर लिहून देवळात किंवा जिथे सगळे जमतात तिथे लावा, नुसतं व्हॉट्सॲपवर टाकलंत तर ते लग्नाच्या फोटोंखाली जातं. पाळी बदलायची असेल तर दोघांनी आपसात बदलावी आणि कागदावर सही करावी. वाद झाला तर बघायला दोन माणसं नेमा, त्यातला एक पाटाच्या शेवटच्या टोकाचा असू दे, आणि शक्यतो बाई असू दे, कारण पाणी कमी पडलं की घरात पहिलं कुणाला कळतं ते सांगायला नको.

मेच्या शेवटी, मृग लागायच्या आधी, गोणी काढायच्या. माती बागेत टाका, फाटलेल्या गोणी आणि प्लास्टिक घरी आणा, नाहीतर पहिल्या पुरात ते खाडीत आणि मग जाळ्यांत. पाईप धुऊन ठेवा. काढायच्या दिवशी शेवटची बादली धरून सेकंद मोजा आणि वहीत तारखेसकट लिहा, पुढच्या नोव्हेंबरात सभा त्या पानापासून सुरू करायची आहे.